अमृतरावांच्या ताटात उरलेलं

गयाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी तिला घरातली भांडी दाखवली. ही घागर प्यायच्या पाण्याची, ही वापरायची. हे ताट सासऱ्याचं, हे तुझ्या नवऱ्याचं. तुझं ताट कोणतं ते सासूनं सांगितलं नाही आणि गयाबाईनंही विचारलं नाही, कारण तिच्या मायचंही वेगळं ताट नव्हतं. नवरा जेवून उठला की त्याच ताटावर बसायचं, त्यानं ठेवलं असेल ते खायचं, अन पुरलं नाही तर टोपल्यातली अर्धी भाकरी घ्यायची. झालं जेवण. आता सुना हे ऐकतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. हसू द्या.

नवरा तिला बरा मिळाला. अमृतरावांची आदिलाबादकडच्या इचोड्याला लागून तीन एकर बागायती. मेथी, पालक, वांगी, थंडीत कोबी. मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, पण बायकोशी बोलायचं म्हटलं की जीभ जड. ते काम त्यांचं ताट करायचं. अमृतराव चार भाकरी खायचे आणि दीड ठेवायचे, विसरून नव्हे, मुद्दाम. भाकरीचा खरपूस पापुद्रा ठेवायचे. भाजी वांग्याची असली तर देठासकट एक अख्खं वांगं ताटाच्या कडेला सरकवलेलं असायचं. ज्या दिवशी वांगं नसेल त्या दिवशी गयाबाई समजायची, आज बाजारात कोणाशी तरी वाजलं आहे. चौतीस वर्षांत त्या दोघांचं जेवढं बोलणं झालं असेल त्यातलं निम्मं तर ताटातूनच झालं.

पण माणूस फुगत गेला. चाळिशीपर्यंत नुसता धडधाकट दिसायचा, मग पोट सुटलं, मग मान गेली, मग गुडघे बोलायला लागले. बाजारात तेलुगु गिऱ्हाइकं त्यांना 'लावु पटेल' म्हणायची. लावु म्हणजे जाडा, पटेल म्हणजे पाटील. अमृतराव रागवायचे नाहीत, उलट त्या नावानं आवाज दिला की एक जुडी जास्त टाकायचे. एकदा गंमत म्हणून पोरांनी त्यांना जिनिंगच्या कापूस तोलायच्या काट्यावर उभं केलं, तर एक क्विंटल चौतीस किलो भरले. काट्यावरचा माणूस म्हणाला, "पटेल, भाव कोनता लावू? ओला का सुका?" सगळे हसले. अमृतरावही हसले. घरी येऊन मात्र त्या दिवशी त्यांनी वांगं ठेवलं नाही.

खरं दुःख लोकांच्या हसण्याचं नव्हतं. खरं दुःख मेथीचं होतं. भाजी तोडायची म्हणजे वाफ्यात उकिडवं बसावं लागतं, बसल्या बसल्या पुढं सरकावं लागतं. अमृतरावांना बारा वर्षं बसता आलं नव्हतं. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून ते चंपतला सांगायचे, इकडची तोड, तिकडची राहू दे. चंपत म्हणजे त्यांचा सालदार, कामाला वाघ पण बोटं राकट. पानं चुरगाळली की अमृतरावांचा जीव खालीवर व्हायचा. ज्यानं भाजी लावली त्याचाच हात भाजीला लागत नव्हता.

मुलगी उत्कर्षा नागपूरला दिलेली. तिनंच डॉक्टर शोधला. आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. बाजारात कोणी विचारलं, की अमृतराव सांगायचे, "सरकारनं जिल्हा लहान केला, मी पोट लहान करून राह्यलो."

डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं. पोटाच्या वरच्या अंगाला एक पट्टी बसवायची, पोत्याच्या तोंडाला सुतळी बांधावी तशी. वर मुठीएवढं पोट राहील, ते दोन-चार घासांत भरेल आणि भूक तिथंच थांबेल. कातडीखाली एक बटण राहील. त्यात सुई घालून पाणी भरलं की पट्टी आवळते, काढलं की सैल होते. गयाबाईला एवढंच कळलं, की आपल्या नवऱ्याच्या पोटाला आता झाकण लागणार.

"अन भूक लागली तं?" तिनं विचारलं.

"लागेल थोडी. थोड्यातच भागेल," डॉक्टर म्हणाला. "घाई मात्र करायची नाही. घास लहान, बत्तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. भरलं वाटलं की तिथंच हात धुवायचा. पुढं एक घास नाही."

ऑपरेशन नीट झालं. पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ, वरणावरचं पाणी नाही तर ताक. ताट मांडायचा प्रश्नच नव्हता, पेल्यात द्यायचं. अमृतराव घोट घोट प्यायचे आणि सवयीनं तळाशी दोन घोट ठेवायचे. गयाबाई ते दोन घोट आपल्या भाकरीवर ओतून घ्यायची. सून अश्विनीनं एकदा पाहिलं.

"आई, हे काय वो?"

"त्यायचं ठेवलेलं हाय," गयाबाई म्हणाली. अश्विनी शिकलेली पोरगी. तिनं पुढं काही विचारलं नाही, पण रात्री राजकुमारला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, सांगितल्याशिवाय राहिली नसणार.

चूक झाली ती सहा आठवड्यांनी. डॉक्टरनं भाकरी खायची मोकळीक दिली, आणि गयाबाईनं पहिलं ताट वाढलं. आता कोणीही म्हणेल, अर्धी भाकरी वाढायची. पण हात तसा वळेना. पुरुषाच्या ताटात मोजून वाढतात ते आजारी माणसाला, नाही तर ज्या घरात बाईचं नवऱ्याशी पटत नाही तिथं. तिनं चार भाकरी ठेवल्या, वाटीभर वरण, भाजी, ठेचा, कांदा. अमृतरावांनी अर्धी भाकरी वरणात कुस्करून अर्धा तास खाल्ली, हात धुतले आणि ताट तिच्याकडं सरकवलं.

साडेतीन भाकरी. आणि वांगं.

नवऱ्याचं उष्टं, दुसऱ्या कोणाला देता येत नाही. सुनेला तर नाहीच. कुत्र्याला घालायचं, तर चौतीस वर्षं ज्या ताटात जेवली ते ताट कुत्र्यापुढं न्यायचं? गयाबाईनं मांडी घातली आणि सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्याही. तिला हे जड गेलं असं नाही. जन्मभर त्यांनी ठेवलं तेवढी आपली भूक, असंच ती धरून चालली होती. आपली भूक किती, हे तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. आता त्यांनी जास्त ठेवलं तर भूकही जास्त असेल, असं तिनं मानून घेतलं.

वर्षभरात अमृतराव उतरत गेले. एकशे चौतीसचे एकशे दहा झाले, मग पंचाण्णव. गालाची हाडं दिसली, मान परत आली. बोटातली अंगठी एक दिवस पालकाच्या वाफ्यात गळून पडली ती चंपतला सापडली. थंडी वाजायला लागली. ज्यांना पौषात उघड्या अंगानं झोपायची सवय ते कार्तिकातच कानटोपी मागायला लागले. पोटाची कातडी मात्र रिकाम्या थैलीसारखी लोंबायची. त्याचं त्यांना काही नव्हतं. "थैली हाय, माल नाई," म्हणायचे.

आणि एका सकाळी गयाबाई न्याहारी घेऊन शेतात गेली, तर बांधावरची खुर्ची रिकामी. अमृतराव वाफ्यात. उकिडवे. चंपत शेजारी उभा राहून पाहत होता. अमृतरावांनी एक जुडी तोडली, मुळाची माती झटकली, नाकाशी नेली. त्यांचं अंग घामानं डबडबलं होतं आणि तोंड असं फुललं होतं, की गयाबाईला ओळख नसलेल्या माणसाकडं पाहिल्यासारखं लाजायला झालं.

"बसता येते मले," ते म्हणाले.

"दिसून राह्यलं," ती म्हणाली. "उठता येते का?"

उठता आलं. चंपतनं हात दिला होता, ते जाऊ द्या.

इकडं गयाबाईचे ब्लाउज उसवायला लागले. अश्विनीनं शिवण मोकळी करून दिली, मग दुसऱ्यांदा केली, मग मोकळं करायला कापड उरलं नाही. दोघं इचोड्याला नागोराव शिंप्याकडं गेले. अमृतरावांचे सदरे लहान करायला, गयाबाईचे ब्लाउज मोठे करायला. नागोरावानं दोघांची मापं घेतली, टेप गळ्यात टाकली आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या घरचं वजन घराबाहेर जात नाई. याच्या अंगावरून उतरते अन त्याच्या अंगावर चढते."

गयाबाई हसली. अमृतराव हसले नाहीत. घरी येताना चढावर ती तीनदा थांबली, धाप लागली म्हणून. अमृतराव पुढं जाऊन उभे राहिले आणि तिच्याकडं बघत राहिले. उलटं व्हायचं ते आधी. ते थांबायचे आणि ती पुढं जाऊन बघायची.

त्या दिवसापासून ताटात एकच भाकरी उरायला लागली. गयाबाईला वाटलं, चला, भूक उघडली. तिनं मनातल्या मनात देवापुढं हात जोडले. पण अमृतराव जेवले की लगेच गोठ्यामागं जायचे आणि बऱ्याच वेळानं यायचे, डोळे लाल करून. विचारलं तर म्हणायचे, म्हशीले पाहून आलो. म्हशीला एवढं काय पाहायचं असतं, हे गयाबाईला कळलं नाही. माणसाचं वजन उतरलं की त्याचं मनही हळवं होत असेल, असं तिनं धरलं.

संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी ते गोठ्यामागून आलेच नाहीत. ती गेली तर भिंतीला धरून उभे, तोंडाला पांढरा फेस. घास छातीत अडकला होता. खाली जाईना, वर येईना. बोलता येत नव्हतं, पाण्याचा घोटही टिकत नव्हता. शेजारी तीन ठिकाणी ओकारी राखेनं झाकलेली होती. राख जुनी होती. गयाबाईला एका क्षणात सगळं कळलं. हा माणूस महिनाभर आपल्या वाट्याचं खात होता.

राजकुमारनं गाडी काढली. आदिलाबादला डॉक्टरनं सुई दिली आणि नागपूरला न्या म्हणाला. नागपूरला पोचेपर्यंत घास खाली सरकला होता, पण मोठ्या डॉक्टरनं पांढरं औषध पाजून फोटो काढला आणि फोटो पाहून त्याचा चेहरा उतरला. पट्टीच्या वरचं पोट फुगलं होतं. मुठीचं भरताचं वांगं झालं होतं, आणि पट्टी थोडी सरकली होती.

"मी सांगितलं होतं ना, भरल्यावर एक घास नाही?" डॉक्टर म्हणाला. "का खाल्लं?"

अमृतराव छताकडं पाहत राहिले.

"आता पट्टीतलं सगळं पाणी काढतो. तीन आठवडे पातळ, मग तीन आठवडे मऊ. पुन्हा फोटो काढू. पोट जागेवर आलं तर ठीक. नाही तर पट्टी काढावी लागेल."

"काढली तं?" अमृतरावांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तर वजन परत येईल. बहुतेकांचं येतं."

अमृतराव आपल्या गुडघ्यांकडं पाहायला लागले. गयाबाईला ते गुडघे दिसले, मेथीच्या वाफ्यात दुमडलेले, आणि बांधावरची खुर्चीही दिसली. 

बाहेर खाण्यापिण्याचं सांगणारी पोरगी बसायची. हर्षाली तिचं नाव. गोड बोलायची पण सोडायची नाही. तिनं वही काढली आणि अमृतरावांना विचारत गेली, सकाळी काय, दुपारी काय, किती. अमृतराव म्हणायचे अर्धी भाकरी. शेवटी ती गयाबाईकडं वळली.

"काकू, खरं तुम्ही सांगा. ताटात किती वाढता?"

"चार."

"चार! आणि उरतात किती?"

"आदी साडेतीन उरे. मंग एक उरायला लागली."

"मग उरलेल्यांचं काय करता?"

"खाते."

"आणि त्याशिवाय तुमचं जेवण?"

"तेच माह्यं जेवन."

हर्षालीनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचं ताट किती भाकऱ्यांचं असतं?"

"माह्यं ताट नसते," गयाबाई म्हणाली. तिला वाटलं पोरीला ऐकू कमी येतं. "यायच्या ताटात राहीन तेवढं."

"तुम्हाला भूक किती असते?"

गयाबाई विचारात पडली. इतका साधा प्रश्न, आणि उत्तर नाही. तिनं अमृतरावांकडं पाहिलं, जणू त्यांना माहीत असेल. अमृतरावांनाही माहीत नव्हतं. हर्षालीनं तिला काट्यावर उभं केलं. नागोरावाची टेप खोटं बोलत नव्हती. ऑपरेशनच्या वेळी तिलाही तोललं होतं, तेव्हापासून दीड वर्षात पंधरा किलो.

"काका," हर्षाली हळूच म्हणाली, "काकूंना कमी उरावं म्हणून जास्त खात होता का तुम्ही?"

अमृतरावांनी मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. मग म्हणाले, "चढावर थांबते ते. तीन-तीनदा थांबते."

गयाबाईनं पदर तोंडाला लावला. रडायला नाही, राग आला होता म्हणून. "मंग सांगाव न्हाय का? चार वाढू नको म्हनाव न्हाय का?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"अन तुमी मेले असते तं बरं वाटलं असतं?"

बाकावर बसलेली माणसं वळून पाहायला लागली. हर्षालीनं दोघांना पाणी दिलं. मग तिनं वहीच्या पानावर दोन गोल काढले. "हे काकांचं ताट. वाटीएवढं. हे काकूंचं ताट. काका घाईत खातात, म्हणून काकूंनी त्याच वेळी शेजारी बसायचं, स्वतःचं ताट घेऊन. अर्धा तास. दोघांनी एकदम. जमेल?"

"त्यायच्या समोर जेवू?" गयाबाईला घामच फुटला. नवऱ्यासमोर बसून तोंड हलवायचं, या वयात!

"पट्टी ठेवायची असेल तर," हर्षाली म्हणाली.

सहा आठवडे. घरी आल्यावर गयाबाईनं माळ्यावरून एक ताट काढलं. उत्कर्षाच्या लग्नात आलेलं, कधी न वापरलेलं, त्यावर कंपनीचा कागद अजून चिकटलेला. कागद निघता निघेना. अमृतरावांसाठी नातवाची वाटी. पहिल्या दिवशी त्या नव्या ताटात तिनं सवयीनं चार भाकरी वाढल्या आणि तिलाच हसू आलं. दुसऱ्या दिवशी रागानं अर्धीच घेतली आणि चार वाजता विहिरीवर चक्कर आली. तिसऱ्या दिवशी दोन घेतल्या, दीडवर हात थांबला. का थांबला ते तिला कळेना. ताट रिकामं झालं नव्हतं, कोणी उठलं नव्हतं, तरी हात थांबला. ती थोडा वेळ ताटाकडं पाहत बसली. मग उरलेली अर्धी टोपल्यात परत ठेवली. ती उष्टी नव्हती, तिनं आधीच वेगळी मोडून ठेवली होती.

नवऱ्यासमोर जेवणं मात्र जमेना. ती भिंतीकडं तोंड करून, डोक्यावर पदर ओढून बसायची. अमृतराव वरणाचं पाणी चमच्यानं घेत तिच्या पाठीशी बोलायचे.

"अवं, भितीवर काय लिहेल हाय?"

"तुमी तुमचं पाहा."

"माह्यं चार चमचे हाय. ते पाहून होते काय अर्धा घंटा?"

चौथ्या आठवड्यात नणंद आली, जयवंताबाई. अमृतरावांची थोरली बहीण, जिभेला धार. दुपारी दोन ताटं मांडलेली पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

"काऊन वं, गयाबाई? भांडन झालं का? ताट वायलं केलं तं घरही वायलं करून टाक."

"भांडन काहाचं, अक्का. डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टर! माह्या मायनं घालून देल्ली रीत डॉक्टरच्या सांगन्यावरून मोडली तुनं? माह्या भावाच्या पुढं वाटी! न्हान्या लेकराच्या दूधभाताची वाटी! अन सोता पाहा, ताटभर!"

गयाबाईच्या ताटात दीड भाकरी होती. तिच्या हातातला घास तसाच राहिला. नणंदेला उलट बोलायचं तिला कधी जमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही मनातून तेच टोचत होतं. ती ताट उचलायला वाकली.

"बस," अमृतराव म्हणाले. तिला, बहिणीला नाही. मग बहिणीकडं वळले. "अक्का, ते माह्या ताटात जेवत व्हती म्हनून मी मरता मरता वाचलो. तुले वाटी दिसते, मले माहे गुडघे दिसते. बस, तुले पन ताट मांडते अश्विनी. आमच्यासोबत बस."

"मी? तुह्यासमोर?"

"मी तुहा भाऊ हाय. तुह्या हातची माती खाल्ली हाय मी."

जयवंताबाई कुरकुरत बसली. मन लावून जेवली. जाताना दारात म्हणाली, "वरन आंबट व्हतं," आणि दोन डबे भरून घेऊन गेली.

त्या दिवसापासून गयाबाईनं भिंतीकडं पाहणं सोडलं. भावाबहिणीसमोर झालं, आता काय राहिलं? समोरासमोर बसायचे दोघं. अमृतराव एक चमचा तोंडात घ्यायचे आणि मोजत चावायचे. मोजायचं असल्यामुळं त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून ते पाहायचे. त्यांना दुसरं कामच नव्हतं.

एक दिवस वांग्याची भाजी होती. गयाबाईनं भाकरी खाल्ली, वरण खाल्लं, वांगी ताटाच्या कडेला तशीच.

"भाजी काऊन ठेवली?"

"आवडत न्हाय."

अमृतरावांचा चमचा हवेत राहिला. "वांगं? वांगं आवडत न्हाय तुले?"

"पह्यल्यापासून न्हाय. खाज सुटते तोंडाले."

"चौतीस वर्सं देठाचं वांगं तुह्यासाठी ठेवलं मी! माह्या जिवाचं ठेवलं!"

"म्हनून तं खाल्लं," गयाबाई म्हणाली.

 संध्याकाळी अमृतरावांनी चंपतला सांगून अंबाडीचा एक वाफा वाढवला, कारण तिला आंबट आवडतं हे तोवर त्यांना ताटावरून कळलं होतं.

सहा आठवड्यांनी नागपूर. पुन्हा पांढरं औषध, पुन्हा फोटो. गयाबाई बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिनं देवाला काही कबूल केलं नाही. कबूल करायचं ते तिनं रोज दोन वेळा ताटावर बसून केलं होतं. दार उघडलं आणि अमृतराव बाहेर आले ते मागं वळून डॉक्टरशी बोलतच. त्यांच्या पाठीवरूनच तिला कळलं.

"जागेवर आलं," डॉक्टर तिला म्हणाला. "पट्टी राहू देतो. थोडं पाणी भरलंय. काकू, हे तुम्ही केलंत."

"म्या काय केलं? म्या तं जेवली," गयाबाई म्हणाली.

हर्षालीनं तिला काट्यावर उभं केलं. चार किलो उतरली होती. चढावर ती आता एकदाच थांबते, तेही मागून येणाऱ्या अमृतरावांसाठी म्हणून थांबते, असं तिचं म्हणणं.

आता हे होऊन बरीच वर्षं झाली. अमृतराव शहाऐंशी किलोवर थांबले ते थांबले. बाजारात त्यांना अजून 'लावु पटेल'च म्हणतात. नवीन गिऱ्हाईक गोंधळतं, या बेताच्या अंगाच्या म्हाताऱ्याला जाडा का म्हणतात म्हणून. अमृतराव समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. लग्नाकार्यात पंगतीला बसले की आग्रह करणारे फसतात, कारण त्यांच्या पानावर जिलेबी पडली की ते नमस्कार करतात आणि गयाबाईकडं सरकवतात, आणि गयाबाई ती शेजारच्या पोराच्या पानावर टाकते. मेथीचे वाफे स्वतः तोडतात. कधी एखादा घास घाईत जातो, मग छातीला हात लावून गप्प बसतात, आणि गयाबाईही गप्प बसते, घास उतरेपर्यंत.

मागच्या उन्हाळ्यात दोघं मोहाच्या झाडाखाली जेवत होते. तिनं फडक्यात बांधून आणलेलं. अमृतराव चावत होते आणि पाहत होते.

"अवं, तू एकाच अंगानं काऊन चावते?"

"कुठं?"

"पाहून राह्यलो मी. उजव्या अंगानं तोंड हालतच न्हाय तुह्यं."

"दाढा गेल्या तिकडच्या. दोन."

"कधी?"

"राजकुमारच्या लग्नात."

राजकुमारच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. अमृतरावांनी घास गिळला. मोजला असेल की नाही कोण जाणे.

"अन मले सांगतलं नाई?"

"तवा तुमी कधी पाह्यलं मले जेवतानी?" हे तिनं टोमणा म्हणून नाही म्हटलं. तसंच होतं, म्हणून म्हटलं.

अमृतरावांनी हातातला घास फडक्यावर परत ठेवला. रस्त्यावरून ट्रक चालले होते, हैदराबादकडून नागपूरकडं, एकामागं एक.

"उद्या आदिलाबादले जाऊ. दाताच्या डॉक्टरकडं."

"उद्या बाजार हाय. माल कोन नेईन?"

"चंपत नेईन."

"चंपत भाव पाडून येते."

"पाडू दे."

दुसऱ्या दिवशी आठच्या बसनं दोघं गेले. डॉक्टरनं माप घेतलं आणि आठवड्यानं दोन दाढा बसवल्या. पहिले चार दिवस गयाबाईला तोंडात कोणी परकं माणूस राहायला आल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. परवा बाजारातून तिनं स्वतःसाठी पावशेर फुटाणे आणले, कोणाला न विचारता, आणि बांधावर बसून दोन्ही अंगांनी खात होती. वाफ्यातून उठून अमृतराव आले, शेजारी बसले, हात पुढं केला.

तिनं मोजून दोन दिले.